साईटवर लोकं येतात पण ऑर्डर पडत नाही? ॲनॅलिटिक्स कुठल्या क्रमानं लावायचं आणि वाचायचं

बेळगाव, खानापूर, निपाणी, संकेश्वर, चिकोडी, आपल्या ह्या पट्ट्यात आता साड्यांपासून काजूपर्यंत आणि कुंद्यापासून होमस्टेपर्यंत सगळ्यांच्या वेबसाईटी झाल्यात, आणि मला येणारा फोन बहुतेक वेळा एकाच प्रश्नाचा असतो, लोकं येवलालीत पण ऑर्डर का पडत नाही. विचारलं की ॲनॅलिटिक्स, म्हणजे साईटवर कोण कुठून येतं आणि काय करतं ते मोजणारं साधन, लावलंय का, तर लावलंय की म्हणतात, आणि मोबाईल पुढं करून दाखवतात, "ह्या महिन्यात एवढे व्हिजिटर". त्या आकड्याचं करायचं काय हे मात्र कुणीच सांगितलेलं नसतं.

चूक बहुतेक ठिकाणी क्रमात असते. आधी व्हिजिटर बघतात, मग घाबरून साईटचा रंग बदलतात, मग जाहिरातीत पैसे घालतात, आणि ऑर्डर नेमकी कुठून येते हे मोजायचं राहूनच जातं. म्हणून हा लेख क्रमानंच वाचा आणि क्रमानंच करा, मधला टप्पा सोडून पुढं गेलात तर पुढचे आकडे खोटे निघतात आणि खोट्या आकड्यावर घेतलेला निर्णय हा अंदाजपंचेपेक्षा वाईट, कारण आपल्याला वाटतं की आपण बघून केलंय.

## तयारी: काय काय लागतं

गूगल ॲनॅलिटिक्स ४, गूगल सर्च कन्सोल (लोकं गूगलवर काय टाइप करून तुमच्यापर्यंत येतात ते दाखवणारं) आणि मायक्रोसॉफ्ट क्लॅरिटी (माणूस साईटवर कसा फिरला ते दाखवणारं). तिन्ही फुकट आहेत. शिवाय एक वही, शंभर पानी, आणि ही वही कॉम्प्युटरशेजारी न ठेवता गल्ल्याजवळ ठेवायची, कशासाठी ते टप्पा ४ मध्ये येईल.

यूट्यूबवर जुने व्हिडिओ खूप आहेत. जुनं युनिव्हर्सल ॲनॅलिटिक्स १ जुलै २०२३ पासून बंद झालंय, त्यामुळं त्या आधीचा व्हिडिओ बघून मेनू शोधत बसाल तर सापडणार नाही. आणखी एक बदल, पूर्वी ज्याला कन्व्हर्जन म्हणायचे, म्हणजे आलेल्या माणसानं आपल्याला पाहिजे ते काम केलं, त्याला ॲनॅलिटिक्समध्ये मार्च २०२४ पासून "की इव्हेंट" म्हणतात, गोष्ट तीच.

खातं तुमच्या स्वतःच्या जीमेलवर पाहिजे. साईट करून दिलेल्या पोराच्या खात्यावर नको, तो उद्या पुण्याला नोकरीला गेला की दोन वर्षांचे आकडे त्याच्याबरोबर गेले. त्याला नुसता ॲक्सेस द्या.

## टप्पा १: कागदावर एक ओळ लिहा

कॉम्प्युटर उघडायच्या आधी वहीच्या पहिल्या पानावर लिहा: माझ्या साईटवर आलेल्या माणसानं नेमकं काय केलं की मी म्हणेन काम झालं?

ऐकायला सोपं वाटतं, पण दहातल्या आठ जणांना इथंच अडकलेलं बघितलंय. शहापुरातल्या साडीवाल्याला ऑनलाईन पेमेंट पाहिजे असं वाटत असतं, पण त्याचं गिऱ्हाईक आधी व्हॉट्सॲपवर "अजून कलर दाखवा" म्हणतं आणि मग घेतं, म्हणजे त्याचं "काम झालं" हे व्हॉट्सॲप मेसेज. जांबोटी-कणकुंबीकडच्या होमस्टेला चोर्ला रस्त्यानं येणारी गोव्याची माणसं थेट फोन करतात, त्याचं "काम झालं" म्हणजे फोन. उद्यमबागेतल्या पार्ट्स बनवणाऱ्याचं काम म्हणजे चौकशीचा फॉर्म ड्रॉइंगसकट आला. गोकाकचं करदंट आणि बेळगावचा कुंदा विकणाऱ्याला मात्र खरोखर ऑनलाईन पैसे भरून ऑर्डर पाहिजे असते.

एक मुख्य गोष्ट लिहा, फार तर एक दुय्यम. पाच लिहू नका.

चूक: "पेज बघितलं" किंवा "दोन मिनिटं थांबला" हेच ध्येय म्हणून लिहिणं. माणूस दोन मिनिटं थांबला तो आवडलं म्हणून की रेटच सापडेना म्हणून, हे त्यातून कळत नाही.

## टप्पा २: पहिल्या दिवशीच करायची सेटिंग

ही उशिरा केली तर मागचं दुरुस्त होत नाही, म्हणून पहिल्याच दिवशी.

टाइम झोन भारताचा आणि करन्सी रुपया आहे का ते बघा. टाइम झोन अमेरिकेचा राहिला तर तुमची सकाळची ऑर्डर आदल्या दिवसात जाऊन बसते आणि रविवारचा बाजार शनिवारी दिसतो. नंतर बदललं तर फक्त तिथून पुढचं बदलतं.

डेटा रिटेन्शन, म्हणजे बारीक डेटा किती काळ साठवायचा: सुरुवातीला हे दोन महिन्यांवर असतं. ते १४ महिने करा. नेहमीच्या रिपोर्टांना फरक पडत नाही, पण "एक्सप्लोर" मध्ये जाऊन मागच्या दिवाळीशी तुलना करायची म्हटलं की दोन महिन्यांपलीकडचं काहीच हाताला लागत नाही.

एन्हान्स्ड मेझरमेंट चालू ठेवा. त्यानं पेज बघणं, ९० टक्क्यांपर्यंत स्क्रोल, बाहेरच्या लिंकवर क्लिक, साईटमधला सर्च, फाईल डाऊनलोड ह्या गोष्टी आपोआप मोजल्या जातात.

पेमेंट गेटवे, म्हणजे साईटवर ऑनलाईन पैसे घेणारी सेवा, वापरत असाल तर त्याचं डोमेन "अनवॉन्टेड रेफरल" च्या यादीत घाला. नाहीतर गिऱ्हाईक पैसे भरून परत आलं की ॲनॅलिटिक्सला वाटतं ते गेटवेच्या साईटवरून आलं, आणि तुमची सगळी विक्री गेटवेच्या नावावर दिसते, इन्स्टाग्रामवरच्या मेहनतीचं श्रेय कुठंच दिसत नाही.

तपासा: मोबाईलवरून साईट उघडा, दुसऱ्या स्क्रीनवर "रिअलटाइम" बघा. अर्ध्या मिनिटात तुम्ही दिसायला पाहिजे. तुम्ही दोनदा मोजले गेलात, म्हणजे एकाच पेजला दोन पेज व्ह्यू पडले, तर कोड दोन ठिकाणी लागलाय, एकदा थीममध्ये आणि एकदा प्लगिनमधून. एक काढा.

## टप्पा ३: घरची माणसं मोजणीतून बाजूला काढा

खानापूरच्या एका काजूवाल्याची साईट मी करून दिली होती. पहिल्या महिन्यात आकडे चांगले, रोज माणसं येताहेत, आम्ही दोघंही खूश. मग शहरनिहाय आणि तासानिहाय बघितलं तर सगळी गर्दी दुकान उघडायच्या वेळेला आणि दुपारी जेवणानंतर, आणि तीच तीच पाच-सहा पेजेस. दुकानातली पोरं, घरची वहिनी, पुण्यातला भाचा आणि मी, आम्हीच रोज साईट उघडून बघत होतो. आमच्या मोठ्या आकड्याखाली खरं गिऱ्हाईक इतकं थोडं होतं की त्याच्यावरून काही ठरवणं शक्यच नव्हतं, आणि एक आख्खा महिना, तोही काजूच्या हंगामातला, असाच गेला. हे मला अजून लागतं म्हणून हा टप्पा वेगळा काढून लिहितोय.

डेटा स्ट्रीममध्ये टॅग सेटिंग, तिथं "डिफाइन इंटर्नल ट्रॅफिक" मध्ये दुकानाच्या वायफायचा आयपी, म्हणजे इंटरनेटवरचा त्याचा पत्ता, घाला. मग डेटा फिल्टरमध्ये जाऊन तो फिल्टर "ॲक्टिव्ह" करा. ही दुसरी पायरी बहुतेक जण विसरतात, फिल्टर आपोआप "टेस्टिंग" मध्येच असतो आणि टेस्टिंगमध्ये असताना तो काहीच गाळत नाही.

सावधान: फिल्टर ॲक्टिव्ह झाल्यावर गाळलेलं परत मिळत नाही. आधी दोन दिवस टेस्टिंगमध्ये ठेवून नेमकी घरचीच माणसं ओळखली जाताहेत का बघा, मगच चालू करा.

मोबाईल डेटाचा आयपी सारखा बदलतो त्यामुळं तो असा गाळता येत नाही. घरच्यांना सांगून ठेवा, साईट बघायची तर दुकानाच्या वायफायवरूनच.

## टप्पा ४: व्हॉट्सॲप आणि फोन मोजणं

आपल्याकडचा व्यवहार साईटवर पुरा होत नाही. माणूस साईट बघतो, मग व्हॉट्सॲपवर येतो, रेट विचारतो, फोटो मागतो, कधी मराठीत कधी कन्नडमध्ये बोलतो, आणि पैसे फोनपे किंवा गूगल पेवर. म्हणजे ॲनॅलिटिक्सला दिसतं ते फक्त दारापर्यंतचं. दारातून आत आल्यावर काय झालं हे तुम्हीच जोडून द्यायचं असतं, आणि ह्या जोडणीशिवाय बाकी सगळं व्यर्थ आहे.

४.१ क्लिक पकडा. व्हॉट्सॲपची क्लिक-टू-चॅट लिंक, म्हणजे दाबली की थेट तुमच्याशी चॅट उघडणारी, ही बाहेरच्या डोमेनची लिंक असल्यामुळं तिच्यावरचा क्लिक "क्लिक" ह्या इव्हेंटमध्ये आपोआप येतो. पण त्याच इव्हेंटमध्ये तुमच्या फेसबुक-इन्स्टाच्या लिंकांचे क्लिकही येतात, म्हणून सगळ्या "क्लिक" ला की इव्हेंट करू नका. "क्रिएट इव्हेंट" मध्ये जाऊन अट घाला की लिंकचं डोमेन व्हॉट्सॲपचं असेल तरच, त्याला "व्हॉट्सॲप_क्लिक" असं वेगळं नाव द्या आणि त्या नव्या इव्हेंटला की इव्हेंट करा. की इव्हेंट केल्यापासून पुढचंच मोजलं जातं, मागचं येत नाही.

काही तरंगणाऱ्या हिरव्या बटणांची प्लगिनं साधी लिंक न वापरता कोडनं खिडकी उघडतात, त्यांचा क्लिक असा पकडला जात नाही. स्वतः बटण दाबून रिअलटाइममध्ये बघा, दिसला नाही तर साधी लिंक लावा.

४.२ फोन. फोन नंबरवरचा क्लिक आपोआप मोजला जात नाही. गूगल टॅग मॅनेजर, म्हणजे साईटवर मोजणीचे कोड लावायचं गूगलचं साधन, त्यात लिंक क्लिकचा ट्रिगर करायचा, अट अशी की लिंकची सुरुवात "tel:" नं होते. आणि नंबर पेजवर नुसता लिहिलेला किंवा फोटोत छापलेला असेल तर दाबायला काही नाहीच, मोजणार काय. मी बघितलेल्या कितीतरी साईटींवर नंबर हा बॅनरच्या फोटोतच असतो, तो आधी लिंक करा.

४.३ मेसेजमध्ये खूण घाला. क्लिक झाला म्हणजे मेसेज आला असं नाही, बरीच माणसं व्हॉट्सॲप उघडलं की काय लिहू असं होऊन परत जातात. क्लिक-टू-चॅट लिंकमध्ये आधीच लिहिलेला मजकूर घालता येतो, तो घाला, आणि प्रत्येक पेजसाठी वेगळा. इरकल साडीच्या पेजवर "नमस्कार, इरकल साडी क्र. १२ बद्दल विचारायचं होतं", काजूच्या पेजवर "नमस्कार, काजू १ किलो पाकीट, रेट कळवा". गिऱ्हाईकाला नुसतं पाठव दाबायचं, आणि तुम्हाला मेसेज वाचताक्षणी कळतं कुठल्या पेजवरून आलं.

लिंकमधला नंबर ९१ पासून सुरू करा, पुढं शून्य किंवा अधिकचं चिन्ह नको, मधे डॅश नको.

४.४ आता वही. चार रकाने: तारीख, कुठल्या पेजवरून मेसेज किंवा फोन, कशावर अडलं, घेतलं का. गल्ल्यावर जो बसतो त्यानं लिहायचं. फोनवर "कुठं बघितलात आमचं?" एवढं एक विचारायचं, अण्णा-अक्का म्हणून गोडीनं विचारलं की माणसं सांगतात.

ह्या वहीतला तिसरा रकाना सगळ्यात मोलाचा आहे. "पार्सल खर्च किती", "नऊवारी आहे का", "कोल्हापूरला मिळेल का", "ब्लाऊज पीस आत आहे का", एकच प्रश्न महिन्यात दहादा आला म्हणजे ते उत्तर साईटवर नाही किंवा असून दिसत नाही. साईटवर उत्तर नसलं की जेवढे विचारतात त्यापेक्षा जास्त माणसं न विचारताच जातात.

तपासा: आठवड्याच्या शेवटी ॲनॅलिटिक्समधले व्हॉट्सॲप क्लिक आणि वहीतले साईटवरून आलेले मेसेज शेजारी शेजारी लिहा. क्लिक ३० आणि मेसेज ८ असं काहीतरी असेल तर अडचण साईटवर नाही, क्लिकनंतर आहे, बहुतेक आधीचा मजकूर नाही किंवा नंबर चुकलाय. क्लिकच ४ असतील तर अडचण साईटवर आहे.

सावधान: गिऱ्हाईकाचं नाव, फोन नंबर, ईमेल ॲनॅलिटिक्समध्ये पाठवायचं नाही. गूगलच्या नियमात ते चालत नाही आणि आपल्याकडं २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहितीचा कायदाही आहे. चूक कशी होते, फॉर्म भरल्यावरच्या धन्यवाद पेजच्या पत्त्यातच फोन नंबर येतो आणि तो पत्ता जसाच्या तसा ॲनॅलिटिक्समध्ये जातो. एकदा स्वतः फॉर्म भरून वरची पत्त्याची पट्टी वाचा. वहीतसुद्धा नंबर लिहायची गरज नाही.

## टप्पा ५: बाहेर वाटलेल्या लिंकांना खुणा करा

व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलेल्या लिंकवरून माणूस आला की ॲनॅलिटिक्समध्ये तो बहुतेक "डायरेक्ट" दिसतो, म्हणजे जणू त्यानं पत्ता टाइप केला. आपल्याकडं लिंक फिरते ती ग्रुपवरच, त्यामुळं "डायरेक्ट" फुगतं आणि काहीच कळत नाही.

गूगलचं कॅम्पेन यूआरएल बिल्डर फुकट आहे, त्यात सोर्स, मीडियम आणि कॅम्पेन ह्या तीन जागा भरून लिंक तयार करा. स्टेटसला वेगळी, ग्रुपला वेगळी, पिशवीवर छापलेल्या क्यूआरला वेगळी, गूगल मॅपवरच्या तुमच्या दुकानाच्या प्रोफाइलमध्ये वेगळी.

नियम दोनच. सगळं इंग्रजी लहान लिपीत लिहा, कारण मोठ्या आणि लहान अक्षरांतलं एकच नाव दोन वेगळी नावं म्हणून मोजलं जातं. आणि ह्या खुणा स्वतःच्या साईटच्या आतल्या लिंकांना कधीच लावायच्या नाहीत. होम पेजवरच्या "दिवाळी ऑफर" बॅनरला खूण लावली की गूगलवरून आलेला माणूस बॅनरवर क्लिक केल्यावर बॅनरच्या खात्यात जातो, आणि तो मुळात कुठून आला हे पुसलं जातं.

## टप्पा ६: चार आठवडे थांबा, मग वाचा

आजचे आकडे आज बघू नका, पुरे व्हायला २४ ते ४८ तास लागतात. दोन दिवस मागचं बघा.

लोकं रमतात का हे बघायला "एंगेजमेंट रेट" घ्या. ॲनॅलिटिक्समध्ये एंगेज झालेली भेट म्हणजे जी १० सेकंदांपेक्षा जास्त चालली, किंवा जीत की इव्हेंट झाला, किंवा जीत दोन तरी पेजेस बघितली. बाऊन्स रेट म्हणजे १०० मधून हे वजा केलेलं, दोन्ही वेगवेगळं बघण्यात वेळ घालवू नका. पूर्ण साईटचा एक आकडा काही सांगत नाही, लँडिंग पेजनुसार बघा, म्हणजे माणूस पहिल्यांदा ज्या पेजवर उतरला त्यानुसार. ज्या पेजवर माणसं भरपूर उतरतात आणि एंगेजमेंट कमी, ते पेज वहीत वर लिहा.

आता आपल्या भागातले दोन चकवे.

पहिला, शहर. ॲनॅलिटिक्स शहर ओळखतं ते आयपीवरून, आणि मोबाईल डेटावरचा माणूस खानापुरात बसलेला असला तरी बेंगळुरू किंवा मुंबईत दाखवला जाऊ शकतो. बेंगळुरूचा आकडा मोठा दिसला म्हणून एकानं लगेच तिकडची जाहिरात चालू केलेली मला माहीत आहे, पार्सलं मात्र निपाणी, गडहिंग्लज आणि चंदगडलाच जात होती. शहराच्या रिपोर्टावर पैसे लावायच्या आधी आपल्या पार्सलांचे पिनकोड बघा: ५९० आणि ५९१ आपले, ४१६ कोल्हापूरकडचे, ४०३ गोव्याचे. पिनकोड खोटं बोलत नाही.

दुसरा, भाषा. भाषेचा रिपोर्ट हा फोनच्या सेटिंगवरून येतो, आणि आपल्याकडं घरात मराठी किंवा कन्नड बोलणाऱ्याचाही फोन इंग्रजीतच असतो. तिथं इंग्रजी जास्त दिसलं म्हणून मराठी पेजेस काढून टाकू नका. खरं कळायचं असेल तर मराठी, कन्नड आणि इंग्रजी पेजांचे पत्ते वेगळे ठेवा आणि भाषा बदलायच्या बटणावरचा क्लिक मोजा. भाषा बदलली तरी पत्ता तोच राहणारं भाषांतराचं बटण लावलंय? मग कोण कुठल्या भाषेत वाचतंय हे कधीच वेगळं निघणार नाही. आणि कन्नड पेज मशीननं केलेलं असेल तर शेजारच्या कन्नड घरातल्या कुणाला तरी मोठ्यानं वाचायला सांगा, एकदाच, त्यांच्या चेहऱ्यावर कळतं.

सर्च कन्सोलमध्येही हेच: गावाचं अधिकृत नाव २०१४ मध्ये बदललं, पण लोकं बेळगाव, बेळगावी, बेळगाम सगळं टाइप करतात, इंग्रजीत, मराठीत, कन्नडमध्ये. एकाच नावाचे आकडे बघून "आपल्याला कोण शोधत नाही" म्हणू नका, सगळी रूपं एकत्र करून बघा, आणि पेजवर जिथं सहज बसेल तिथं दोन्ही नावं वापरा.

## टप्पा ७: गळती कुठं आहे ती शोधा

"एक्सप्लोर" मध्ये फनेल करा, म्हणजे कुठल्या पायरीला किती माणसं उरली ते दाखवणारा तक्ता. ऑनलाईन ऑर्डर घेत असाल तर चार पायऱ्या: वस्तू बघितली, कार्टमध्ये घातली, चेकआउट सुरू केलं, पैसे भरले. व्हॉट्सॲपवाल्यांनी तीन: यादी बघितली, वस्तूचं पेज उघडलं, व्हॉट्सॲप क्लिक. सगळ्यात जास्त माणसं जिथं गळतात तिथंच काम करायचं, बाकी पायऱ्यांना हात लावायचा नाही.

सावधान: यूपीआयनं पैसे भरायला माणूस दुसऱ्या ॲपमध्ये जातो आणि पुष्कळदा परत साईटवर येतच नाही, मग धन्यवाद पेज उघडत नाही आणि खरेदी मोजली जात नाही. उलट कुणी धन्यवाद पेज पुन्हा लोड केलं तर ऑर्डर नंबर पाठवला नसल्यास तीच खरेदी दोनदा पडते. बँकेत आलेल्या ऑर्डरी आणि ॲनॅलिटिक्समधल्या ऑर्डरी महिन्यातून एकदा जुळवा, फनेलचा शेवटचा आकडा जुळवल्याशिवाय खरा धरू नका.

कुठं गळतात हे फनेल सांगतं, का गळतात हे सांगत नाही. त्यासाठी क्लॅरिटीची रेकॉर्डिंग. गिऱ्हाईकाचं बोट कुठं कुठं गेलं ते बघता येतं, साधारण ३० दिवस राहतात म्हणून वेळेवर बघा. सगळी बघू नका, फनेलमध्ये सापडलेल्या पेजची वीस बघा, मोबाईलवरची.

एका साडीच्या पेजचं सांगतो. रेकॉर्डिंगमध्ये त्या माणसानं पेज उघडलं, पहिल्या फोटोवर थांबला, मग पदराच्या फोटोवर बोट मारलं, काही झालं नाही, परत मारलं, असं सहा वेळा. मग दोन बोटांनी ताणून बघितलं, तेही होईना. खाली गेला, वर आला, परत त्याच पदरावर एकदा बोट मारलं, आणि गेला. पुढच्या रेकॉर्डिंगमध्ये दुसऱ्या कुणीतरी तेच केलं, तिसऱ्यातही तेच. साडी घेणारं माणूस दुकानात पदर हातात घेऊन उजेडात धरतं, विण बघतं, काठाची उलटी बाजू बघतं, आणि इथं फोटो मोठाच होत नव्हता. दुकानदार तोवर रेट कमी करायच्या विचारात होता. रेटला हात न लावता फोटो मोठा होईल असं केलं, पदर, काठ आणि उलट बाजूचा जवळून फोटो घातला, आणि खाली लिहिलं: सहावारी, लांबी साडेपाच मीटर, ब्लाऊज पीस वेगळा ८० सेंटिमीटर. त्यानंतर वहीतला "ब्लाऊज पीस आहे का" हा प्रश्न जवळजवळ बंदच झाला, मेसेज यायला लागले ते थेट कलर आणि पार्सलबद्दल.

क्लॅरिटीत अशा वारंवार बोट मारण्याला "रेज क्लिक" म्हणतात, काहीच होत नाही तिथल्या क्लिकला "डेड क्लिक", आणि पेज उघडून लगेच मागं जाण्याला "क्विक बॅक". हे तीन फिल्टर आधी लावा, वेळ वाचतो.

वेग विसरू नका. ४ एमबीचा फोटो म्हणजे ३२ मेगाबिट, जांबोटीच्या पुढं रेंज कमी होऊन २ एमबीपीएस मिळत असेल तर एका फोटोला १६ सेकंद. कोण थांबणार? गूगलच्या पेजस्पीड इनसाइट्स ह्या वेग मोजायच्या साधनात पेजचा पत्ता घाला आणि मोबाईलचा भाग बघा: मुख्य मजकूर २.५ सेकंदांत दिसायला पाहिजे, बोट मारल्यावर २०० मिलिसेकंदांच्या आत हालचाल पाहिजे. आणि हे दुकानाच्या फायबरवर बसून तपासायचं नाही, वायफाय बंद करून साध्या फोनवर तपासायचं.

## टप्पा ८: एका वेळी एकच बदल

गळती सापडली, कारण सापडलं, आता एकच गोष्ट बदला. फोटो, किंवा पार्सल खर्च वर लिहिणं, किंवा बटण. तिन्ही एकदम नाही, नाहीतर कशानं फरक पडला ते कळणार नाही. बदलाची तारीख वहीत लिहा. मग किमान चार आठवडे हात लावू नका.

थोडे आकडे असताना फसायला फार होतं. समजा महिन्याला १६ ऑर्डरी येतात. काहीही न बदलता पुढच्या महिन्यात १२ किंवा २० येऊ शकतात, कारण एवढ्या छोट्या आकड्यात त्याच्या वर्गमुळाइतकं, म्हणजे इथं चार, वरखाली आपोआपच होत असतं. त्याच्या दुपटीनं, म्हणजे २४ च्या पुढं गेलं तर बदलाचा काही संबंध असेल असं धरा. १६ च्या १९ झाल्या म्हणून पेढे वाटू नका आणि १३ झाल्या म्हणून बदल मागं घेऊ नका.

ऑर्डरी खूपच कमी असतील तर एक पायरी मागं जाऊन मोजा, ऑर्डरीऐवजी व्हॉट्सॲप क्लिक. ते जास्त असतात, फरक लवकर दिसतो.

## टप्पा ९: तुलना पंचांग बघून करा

ॲनॅलिटिक्समध्ये "मागचं वर्ष" असं बटण आहे, ते इंग्रजी तारखांची तुलना करतं. गणेश चतुर्थी २०२४ मध्ये ७ सप्टेंबरला होती, २०२५ मध्ये २७ ऑगस्टला. सप्टेंबरची सप्टेंबरशी तुलना केली तर धंदा पडलाय असं दिसणार, आणि ऑगस्ट उगीचच भारी दिसणार. २०२३ मध्ये अधिक श्रावण आला होता, त्यामुळं त्या वर्षीचे श्रावणापासून पुढचे सगळे सण पुढं गेले. लग्नाच्या साड्या विकणाऱ्यांनी तर मुहूर्त किती आणि कधी होते हे वहीत लिहूनच ठेवावं. तुलना करताना तारखा हातानं निवडा: सणाच्या आधीचे २१ दिवस ह्या वर्षीचे, आणि तेच २१ दिवस मागच्या वर्षीचे.

सावधान: गणपती किंवा दिवाळीच्या तोंडावर चेकआउट, पेमेंट किंवा व्हॉट्सॲप बटणात काहीही बदल करू नका. सणाच्या आधी तीन आठवडे साईट गोठवा, फक्त स्टॉक आणि रेट बदला. प्रयोग करायचे ते ज्या महिन्यात धंदा थंड असतो तेव्हा.

## दर सोमवारची वीस मिनिटं

रोज बघायची गरज नाही, रोज बघितलं की मन अस्थिर होतं आणि हात शिवशिवतात. सोमवारी सकाळी दुकान उघडायच्या आधी, ह्याच क्रमानं:

१. रिअलटाइममध्ये स्वतः एकदा व्हॉट्सॲप बटण दाबून मोजणी चालू आहे का बघा. ह्यासाठी मुद्दाम वायफाय बंद करून मोबाईल डेटावर या, कारण दुकानाचा आयपी आपण गाळलाय, आणि हा एक क्लिक वहीत लिहा म्हणजे आठवड्याच्या बेरजेतून वजा करता येईल.

२. मागच्या आठवड्याची मुख्य गोष्ट किती झाली, आणि वहीत किती, दोन्ही शेजारी लिहा.

३. वहीतला तिसरा रकाना वाचा, परत परत आलेला प्रश्न अधोरेखित करा.

४. फनेलमधल्या सगळ्यात गळक्या पेजची पाच रेकॉर्डिंग बघा.

५. बदलाला चार आठवडे झाले असतील तरच पुढचा बदल ठरवा, नसतील तर मोबाईल बाजूला ठेवा आणि शटर उघडा.